बँका, सीएसआर आणि 'ग्रीन' नेटवर्क्स: लोक सारखे विचारतात ते प्रश्न (येस बँकेच्या उदाहरणासकट)

बँकेच्या ॲन्युअल रिपोर्टमधली हिरवी पानं बघून लोक जे जे विचारतात ते इथं एकत्र केलंय. ठेवीदार, संस्थावाले, बँकेत नोकरी करणारे, थोडे शेअरवाले, असे सगळे विचारतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. येस बँकेचं नाव जरा जास्त वेळा येईल, कारण मुंबईची ही बँक या बाबतीत भारतात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा करणारी होती आणि पुढं तिचं काय झालं तेही सगळ्यांना माहितीये. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, तिथं नंबर दिलाय तो बघा.

१. सीएसआर आणि सस्टेनेबिलिटी एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथंच होतो. सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) म्हणजे नफा झाल्यावर त्यातून बाजूला काढलेले पैसे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम शेड्यूल सातमधल्या कामांवर खर्च करायची. शाळा, दवाखाने, पाणी, झाडं वगैरे.

सस्टेनेबिलिटी म्हणजे तो नफा कमावताना बँक काय करते, कर्ज कुणाला देते, कुठल्या अटीवर देते. बँकेनं एका गावात सोलर दिवे लावले आणि शेजारच्या तालुक्यात नदी नासवणाऱ्या कारखान्याला शेकडो कोटींचं कर्ज दिलं, तर सीएसआरच्या पानावर फक्त दिवे दिसतात. त्यामुळे माझा तरी नियम असा की आधी कर्जं बघायची, दिवे नंतर.

२. ही नेटवर्क्स म्हणजे नक्की कुठली? इतकी इंग्रजी नावं आहेत की डोकं चक्रावतं.

मुख्य तेवढी सांगतो. यूएनईपी एफआय हा संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि बँका यांचा गट, १९९२ पासूनचा, रिओच्या वसुंधरा परिषदेच्या काळातला. त्याच्याच खाली २०१९ मध्ये 'प्रिन्सिपल्स फॉर रिस्पॉन्सिबल बँकिंग' आली, त्याला सगळे पीआरबी म्हणतात. इक्वेटर प्रिन्सिपल्स मोठ्या प्रकल्पांच्या कर्जासाठी आहेत (प्रश्न ६). यूएन ग्लोबल कॉम्पॅक्ट २००० सालचा, त्यात दहा तत्त्वं आणि तो फक्त बँकांसाठी नाही, कुठलीही कंपनी येते. पीकॅफ म्हणजे कर्जातून होणारं प्रदूषण मोजायची पद्धत ठरवणारे लोक (प्रश्न ९). सीडीपी ही संस्था कंपन्यांना पर्यावरणाबद्दल प्रश्नावली पाठवते आणि ए ते डी असे ग्रेड देते. शिवाय ग्लोबल अलायन्स फॉर बँकिंग ऑन व्हॅल्यूज म्हणून एक छोटा गट आहे, २००९ चा, भारतातली ईसाफ स्मॉल फायनान्स बँक त्यात आहे.

यातलं काही सही करायचं असतं, काही नुसतं भरून द्यायचं असतं, काही फक्त मोजमापाची पद्धत असते. रिपोर्टमध्ये मात्र सगळ्यांचे लोगो एकाच ओळीत एकाच साइजमध्ये छापलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं सगळी सर्टिफिकेटंच आहेत.

३. येस बँकेनं या बाबतीत असं काय वेगळं केलं होतं?

फेब्रुवारी २०१५ मध्ये देशातला पहिला ग्रीन बाँड आणला, १००० कोटींचा, पैसे सोलर-विंड अशा प्रकल्पांना द्यायचे म्हणून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वर्ल्ड बँक गटातल्या आयएफसीनं परदेशात रुपयातले बाँड विकून ३१५ कोटी उभे केले आणि ते येस बँकेच्या ग्रीन बाँडमध्ये घातले. मग २२ सप्टेंबर २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये पीआरबी सुरू झाली तेव्हा जगातल्या १३० बँकांनी सुरुवातीलाच सह्या केल्या, त्यात भारतातून येस बँक होती.

हे सगळं खरंच झालंय आणि त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. बाकीच्या मोठ्या बँका तेव्हा अजून बघू, करू या मूडमध्ये होत्या.

४. सही केल्यावर बँकेला खरंच काही करावं लागतं की नुसता फोटो?

लागतं, पण जबरदस्ती फार नाही. पीआरबीत सहा तत्त्वं आहेत. सही केली की बँकेनं आपल्या कर्जांचा समाजावर आणि पर्यावरणावर सगळ्यात जास्त परिणाम कुठं होतो ते शोधायचं, निदान दोन बाबतीत टार्गेट ठरवायचं आणि दर वर्षी रिपोर्ट द्यायचा. पहिला रिपोर्ट १८ महिन्यांत, सगळं जागेवर आणायला चार वर्षं. कुणी काहीच केलं नाही तर यादीतून नाव काढता येतं. दंड नाही, कोर्ट नाही.

यातली मेख अशी की टार्गेट बँकच ठरवते. एखादी बँक 'महिला बचत गटांना कर्ज वाढवू' हे टार्गेट घेते, जे ती तसंही करणारच होती, आणि कोळशाबद्दल चकार शब्द काढत नाही. नियमात बसतं का, तर बहुतेक वेळा ओढूनताणून बसतं. म्हणून सही केली का याच्यापेक्षा कुठली दोन टार्गेटं घेतली हे विचारा.

५. मग मार्च २०२० मध्ये येस बँक बुडायला आली तेव्हा हे नेटवर्कवाले काय करत होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि रागानं येतो, ते साहजिक आहे. सप्टेंबर २०१९ ला सही, ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेचा मोरेटोरियम, ५० हजारांच्या वर पैसे काढता येईनात, तिच्यावर चालणारं फोनपे बंद पडलं, पिंपरी-चिंचवड महापालिकेचे शेकडो कोटी अडकले. १३ मार्चला स्टेट बँकेला पुढे करून पुनर्रचना झाली, १८ ला निर्बंध उठले. ठेवीदारांचे पैसे वाचले, पण ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे कर्जरोखे) शून्य केले गेले आणि त्याची भांडणं कोर्टात गेली.

उत्तर असं की हे बघणं त्या नेटवर्कचं कामच नव्हतं. पीआरबी तुमची कर्जं वसूल होतायत का, एनपीए म्हणजे थकलेली कर्जं लपवलीत का, हे तपासत नाही, ते रिझर्व्ह बँकेचं आणि ऑडिटरचं काम. पण त्याच पीआरबीत 'गव्हर्नन्स' हे एक तत्त्व आहे ना, आणि कर्ज कुणाला कसं दिलं जातं हे गव्हर्नन्स नाही तर काय? इथं मला वाटतं लोकांचा राग बरोबर आहे, कारण पर्यावरणाच्या कागदपत्रात गव्हर्नन्सचा रकाना भरताना कमिट्या किती आणि मीटिंगा किती हेच लिहिलं जातं. (योगायोग बघा, न्यूयॉर्कमध्ये सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी इकडे पीएमसी या मुंबईच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले होते.) थोडक्यात, नेटवर्कचा लोगो बघून एफडी करू नका. ठेवीला संरक्षण आहे ते डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाच्या ५ लाखांच्या विम्याचं.

६. इक्वेटर प्रिन्सिपल्स काय आहेत आणि त्याचा आपल्याकडे काय संबंध?

जून २००३ मध्ये दहा मोठ्या बँकांनी ठरवलं की धरण, खाण, वीजप्रकल्प असल्या कामांना प्रोजेक्ट फायनान्स देताना आयएफसीचे पर्यावरण आणि पुनर्वसनाचे मापदंड पाळायचे. आता मर्यादा १ कोटी डॉलरच्या वरचे प्रकल्प अशी आहे. प्रकल्प ए, बी, सी अशा गटात टाकतात. ए म्हणजे परिणाम गंभीर आणि परत न सुधारता येणारे, तिथं बाहेरच्या स्वतंत्र माणसाकडून तपासणी, लोकांशी चर्चा, तक्रारीची व्यवस्था असं सगळं लागतं. भारतातून पहिली सही आयडीएफसीची, २०१३ मध्ये, आज तिचीच पुढची बँक आयडीएफसी फर्स्ट.

आणि संबंध विचाराल तर आपल्या नंदुरबारपर्यंत जातो. सरदार सरोवराला वर्ल्ड बँकेनं कर्ज दिलं होतं, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यातली गावं पाण्याखाली जाणार होती, मणिबेली तर महाराष्ट्रातलं पहिलंच. आंदोलनामुळे वर्ल्ड बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, मोर्स समिती, तिनं १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हीवर बँकेलाच झोडपलं, १९९३ मध्ये उरलेलं कर्ज भारत सरकारनं नको म्हटलं आणि त्याच वर्षी वर्ल्ड बँकेनं लोकांच्या तक्रारी ऐकायला इन्स्पेक्शन पॅनेल काढलं. कर्ज देणाराही जबाबदार असतो ही गोष्ट तिथून जगभर रुळली. धडगावातल्या बायका-पुरुषांनी जे रेटून धरलं त्याचा अंश आज लंडन-न्यूयॉर्कच्या बँकांच्या चेकलिस्टमध्ये आहे, आणि तिकडे ती गावं पाण्याखाली गेली ती गेलीच.

७. माझ्या घराच्या किंवा शेततळ्याच्या कर्जाला हे लागू होतं का?

नाही. इक्वेटर मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. तुम्हाला काही कागद जास्तीचे मागितले असतील तर ते दुसऱ्या कारणानं.

८. प्रकल्पामुळे आमचं नुकसान झालं तर कर्ज देणाऱ्या बँकेविरुद्ध काही करता येतं का?

वाट आहे, पण लांबची. गुजरातमधल्या मुंद्रा इथल्या टाटांच्या कोळसा वीजप्रकल्पाला आयएफसीनं ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी आधी आयएफसीच्याच लोकपालाकडे तक्रार केली, मग थेट अमेरिकेत केस टाकली. आयएफसी म्हणाली आम्ही आंतरराष्ट्रीय संस्था, आमच्यावर केसच होऊ शकत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध १ असा निकाल दिला की असं सरसकट संरक्षण नाही. म्हणजे तत्त्वाचा मुद्दा जिंकले, पण पुढं खालच्या कोर्टात, तक्रारीमागची कृती मुळात अमेरिकेत घडलेलीच नाही, अशा कारणावर केस फेटाळली गेली. हातात भरपाई काही पडली नाही.

आपल्याकडच्या खाजगी बँकेबाबत आधी बँकेच्या साइटवर पर्यावरण-सामाजिक तक्रारीचा पत्ता आहे का बघा आणि लेखी द्या. प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीची लढाई वेगळी, ती हरित लवादात.

९. बँकेत धूर कुठला निघतो? ती कसलं प्रदूषण मोजते?

शाखेतलं एसी, जनरेटर, गाड्या हे स्कोप १ (स्वतः जाळलेलं इंधन) आणि स्कोप २ (विकत घेतलेली वीज). ते किरकोळ असतं. खरा आकडा स्कोप ३ (बाकीचं अप्रत्यक्ष उत्सर्जन) मधल्या पंधराव्या प्रकारात असतो, म्हणजे दिलेल्या कर्जांतून होणारं उत्सर्जन. मोजतात कसं ते एका काल्पनिक हिशोबानं सांगतो: सिमेंट कंपनी आहे, तिचं कर्ज आणि भांडवल मिळून १००० कोटी, त्यात एका बँकेचं येणं २०० कोटी. कंपनी वर्षाला १० लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडते. बँकेचा वाटा पाचवा हिस्सा, म्हणून २ लाख टन बँकेच्या खात्यावर. ही पीकॅफची पद्धत, २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या वित्तसंस्थांनी सुरू केलेली.

आता शेअर बाजाराची नियामक सेबी जो बीआरएसआर म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा रिपोर्ट मागते (पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा), त्यात प्रिन्सिपल ६ म्हणजे पर्यावरणाचा भाग काढा. स्कोप १ आणि २ सक्तीच्या भागात, स्कोप ३ मात्र 'लीडरशिप' म्हणजे ऐच्छिक भागात. मग काही बँका तिथं कर्मचाऱ्यांचा विमानप्रवास आणि कागद मोजून टाकतात आणि पंधरावा प्रकार सोडून देतात. वाचताना त्या रकान्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचा, काय धरलंय आणि काय नाही ते तिथंच असतं. एखादी बँक अमुक सालापर्यंत कार्बन न्यूट्रल होणार म्हणते, एचडीएफसी बँकेनं २०३१-३२ म्हटलंय, तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा: फक्त शाखा की कर्जंही?

१०. अमेरिकन बँका बाहेर पडल्या म्हणे. मग हे सगळं संपलं का?

एक गट खरंच संपला. नेट झिरो बँकिंग अलायन्स (कर्जांतून होणारं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू म्हणणाऱ्या बँकांचा गट) एप्रिल २०२१ मध्ये ४३ बँकांनी सुरू झाला, डिसेंबर २०२४ पासून गोल्डमन सॅक्स, सिटी, जेपी मॉर्गन वगैरे एकामागून एक निघाल्या, २०२५ मध्ये एचएसबीसी आणि बार्कलेजही गेल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अलायन्सनं काम थांबवलं. त्याआधी मार्च २०२४ मध्ये चार मोठ्या अमेरिकन बँकांनी इक्वेटरही सोडलं होतं. कारण उघड आहे, तिकडचं राजकारण बदललं आणि काही राज्यांनी अशा बँकांशी व्यवहार बंद करायची भाषा सुरू केली.

पीआरबी आणि इक्वेटर चालू आहेत. पण ऐच्छिक गोष्टीची ताकद किती ते यातून कळलं. म्हणून आपल्याकडे रिझर्व्ह बँक काय करते ते जास्त महत्त्वाचं. तिनं डिसेंबर २००७ मध्येच बँकांना सीएसआर आणि शाश्वत विकासावर सर्क्युलर काढलं होतं, ज्यात इक्वेटर आणि यूएनईपी एफआय दोन्हीची माहिती होती, किती बँकांनी ते नीट वाचलं ते सोडा. एप्रिल २०२१ मध्ये ती स्वतः मध्यवर्ती बँकांच्या एनजीएफएस या गटात गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हवामान जोखीम जाहीर करण्याचा मसुदा काढला.

११. ग्रीन डिपॉझिट ठेवू का? व्याज जास्त मिळतं का?

जास्त मिळेल असं धरून चालू नका, उलट थोडं कमी असू शकतं. रिझर्व्ह बँकेचे नियम १ जून २०२३ पासून लागू आहेत. पैसे सौरऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी, कचरा अशा नऊ क्षेत्रांतच वापरायचे, कोळसा-तेल, अणुऊर्जा, दारू, तंबाखू आणि २५ मेगावॉटच्या वरचे जलविद्युत प्रकल्प चालत नाहीत. दर वर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासणी. ठेव रुपयातच असते आणि विमा नेहमीसारखाच (प्रश्न ५). स्टेट बँकेनं जानेवारी २०२४ मध्ये ११११, १७७७ आणि २२२२ दिवसांची आणली.

प्रकल्प फसला तर माझे पैसे जातील का, असंही विचारतात. नाही, बँकेला तुमची ठेव व्याजासकट द्यावीच लागते.

१२. आमची राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँक यात कुठं बसते?

गंमत आहे. कलम १३५ 'कंपनी'ला लागू. स्टेट बँक १९५५ च्या वेगळ्या कायद्यानं, राष्ट्रीयीकृत बँका १९७० आणि १९८० च्या कायद्यानं बनलेल्या, म्हणून २ टक्क्यांची सक्ती त्यांना तशीच लागू होत नाही. स्टेट बँक स्वतःच्या धोरणानं आदल्या वर्षीच्या नफ्याच्या १ टक्का ठेवते. नागरी सहकारी बँका सहकार कायद्याखाली, त्यांनाही हे कलम नाही, आणि ग्रीन डिपॉझिटचे नियमही त्यांच्यासाठी नाहीत. सहकारी बँकेनं 'ग्रीन एफडी' असा बोर्ड लावला असेल तर ते तिचं स्वतःचं नाव आहे, त्यामागं रिझर्व्ह बँकेची ती तपासणी नाही.

नाबार्डचं प्रकरण निराळं. मुख्यालय आपल्या बीकेसीत, २०१५ पासून ग्रीन क्लायमेट फंडाची मान्यताप्राप्त संस्था, आणि नगर जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या कामात जर्मन मदतीच्या कार्यक्रमातून तिचा हात नव्वदच्या दशकापासून आहे.

१३. आमच्या गणेश मंडळाला किंवा संस्थेला बँकेचा सीएसआर मिळेल का?

मंडळाच्या कमानीवर बँकेचा बॅनर लावून मिळणारे पैसे म्हणजे जाहिरात. बँकेला मार्केटिंगचा फायदा मिळवायला दिलेली स्पॉन्सरशिप नियमात सीएसआर धरत नाहीत. ते पैसे घ्या, पण पावतीवर सीएसआर लिहायला गेलात तर बँकेचाच माणूस नाही म्हणेल.

संस्था असेल तर आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नंबर. शाखा मॅनेजरकडे हेलपाटे घालू नका, त्याच्या हातात काही नसतं, निर्णय मुख्य कार्यालयात किंवा बँकेच्या फाउंडेशनमध्ये होतो. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 'लगेच प्रस्ताव द्या, पैसे खर्चायचेत' असा फोन आला तर जपून. चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत वापरायची सोय कायद्यातच आहे, एवढी घाई लागत नाही.

१४. बँकेनं आमच्या टेकडीवर हजारो झाडं लावली म्हणून छापलंय, तिथं तर खड्डेच दिसतात. कुठं विचारायचं?

आधी बँकेच्या साइटवर सीएसआर पान बघा, बोर्डानं मंजूर केलेले प्रकल्प तिथं टाकणं बंधनकारक आहे. बँकेची सीएसआरची जबाबदारी सरासरी १० कोटी किंवा जास्त असेल तर १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं स्वतंत्र मूल्यमापन करावं लागतं, तोही रिपोर्ट मागा. खाजगी बँकेला माहिती अधिकार लागू नाही, पण टेकडी ग्रामपंचायतीची किंवा वनखात्याची असेल तर तिथं अर्ज टाका: कुणाला परवानगी दिली, किती रोपं, पाणी कोण घालणार, करार किती वर्षांचा. बहुतेक गोष्टी शेवटच्या दोन प्रश्नांतच बाहेर पडतात. पाण्याची सोय नसलेलं वृक्षारोपण जुलैत फोटोपुरतं असतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

१५. बँकेची जाहिरात दिशाभूल करणारी असेल तर कुणी पकडतं का?

बाहेर पकडलंय. ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं ऑक्टोबर २०२२ मध्ये एचएसबीसीच्या पोस्टरवर बंदी घातली, कारण झाडं आणि हरित गुंतवणुकीचं सांगितलं पण तेल-वायूला दिलेल्या पैशाबद्दल काही नव्हतं. डॉइश बँकेच्या डीडब्ल्यूएस या कंपनीला अशाच कारणासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये १.९ कोटी डॉलर दंड झाला. एचएसबीसीच्या निकालात लक्षात ठेवण्यासारखं हे की छापलेलं सगळं खोटं नव्हतं, अर्धंच सांगितलं म्हणून बंदी आली.

१६. सामान्य माणसानं ओरडून काही होतं का?

कधी कधी. २०१४ मध्ये स्टेट बँकेनं अदानींच्या ऑस्ट्रेलियातल्या कारमायकल कोळसा खाणीसाठी १ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाचा करार केला, पुढं कंपनीनं स्वतःच्या पैशानं खाण करायचं जाहीर केलं, पण २०२० मध्ये कर्जाची चर्चा परत निघाली. २७ नोव्हेंबर २०२० ला सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया वनडे चालू असताना दोन आंदोलक स्टेट बँकेच्या नावाचा बोर्ड घेऊन थेट मैदानात घुसले. मॅच बघणाऱ्या निम्म्या भारताला ही भानगड तेव्हा पहिल्यांदा कळली. त्याच सुमारास अमुंडी या फ्रेंच गुंतवणूकदारानं सांगितलं की हे कर्ज दिलंत तर तुमचे ग्रीन बाँड विकून टाकू. मैदानातल्या बोर्डापेक्षा या निरोपानं बँकेत जास्त धावपळ झाली असणार असा माझा अंदाज.

१७. मला सगळं वाचायला वेळ नाही. एका बँकेचं पंधरा मिनिटांत काय बघू?

बीआरएसआरमधलं स्कोप ३ आणि त्याची टीप (प्रश्न ९). पीआरबीची सही असेल तर दोन टार्गेटं (प्रश्न ४). आणि ॲन्युअल रिपोर्टमध्ये कुठल्या उद्योगाला किती कर्ज दिलंय तो तक्ता, त्यात वीज, खाण, सिमेंट, लोखंड या ओळी मागच्या वर्षीशी ताडून बघा. कोळशाबद्दल धोरण लिहिलंय का तेही शोधा, केरळच्या फेडरल बँकेनं कोळसा प्रकल्पांना थेट कर्ज न देण्याचं जाहीर केलंय, बहुतेक ठिकाणी मात्र 'केस टू केस' असं गुळमुळीत असतं. काही सापडलं नाही आणि तुमच्याकडे त्या बँकेचा एक जरी शेअर असेल तर एजीएमच्या (भागधारकांच्या वार्षिक सभेच्या) नोटिशीत प्रश्न आधी पाठवायचा ईमेल आणि शेवटची तारीख दिलेली असते, त्यावर दोन ओळीत पान नंबर टाकून विचारा.